मिलिंदच्या धुनांना चित्र शोधताना

मिलिंद,

तू गेल्याचं बेंजोवाल्यांच्या ग्रुपवर मी कळवलं. तीनच वाक्यं लिहिली: तू गेलास, घरातून कधी नेणार, भोईवाड्याच्या स्मशानात किती वाजता. पहिलं उत्तर आलं, ‘परत?’ आणि पुढे हसणारा चेहरा. दुसऱ्याने विचारलं, नवीन धून येतेय वाटतं. त्याला तिघाचौघांनी अंगठे दिले. मी लिहिलं, बातमी खरी आहे. शेवटी सुजाताने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतःच्या आवाजात सांगितलं, मिलिंद गेलेत, मी त्यांची बायको बोलतेय. तो निरोप किती जणांनी उघडून ऐकला, मला माहीत नाही. भोईवाड्यात त्रिशरण म्हणताना माझ्या डाव्या हाताला बरीच जागा रिकामी होती. जे आले नाहीत त्यांतले काही जण नंतर नायगावला तुझ्या घरी आले. दारातच म्हणाले, वहिनी, आम्हाला वाटलं पब्लिसिटी आहे. सुजाताने त्यांना पाणी दिलं.

तू कसा गेलास ते इथे लिहीत नाही. कामावर कुठे होतास, कोणी उचललं, डॉक्टर काय म्हणाले, हे विचारणाऱ्यांना सांगून झालं आहे. मला लिहायचं आहे ते त्या ‘परत?’बद्दल. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या नीट केल्या. तुझ्या मृत्यूची बातमी मात्र मी दिली आणि वाचणाऱ्यांना ती खोटी वाटली. त्याला कारण झालं एक चौकोनी चित्र.

बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचं तारांचं वाद्य. लालबाग-परळच्या मिरवणुकांत हातगाडीवर स्पीकर बांधून त्याचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे पोचवतात. शाळेत असल्यापासून तू गणपतीत वाजवलंस आणि भीमजयंतीलाही. बेंजो तोच, धुना वेगळ्या. पोरं नाचायची. इतर दिवशी लोअर परळच्या टॉवरांतल्या लिफ्ट दुरुस्त करायचास. आणि रविवारी खिडकीला गोधड्या टांगून, ज्यांवर कोणालाही नाचता येणार नाही अशा संथ धुना रेकॉर्ड करायचास. बेंजोवर संथ वाजवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पहिली धून ऐकवलीस तेव्हा मी विचारलं होतं, सेल उतरले का रे? तू म्हणालास, संपादक, तुला वेळ लागेल. मी उपसंपादकाच्या वर कधी गेलो नाही हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू मला संपादक म्हणायचास.

तुझ्या त्या धुना मंडळांना नको होत्या, कॅसेटवाले केव्हाच संपले होते. उरलं इंटरनेट. तिथे कोणीही आपलं संगीत टाकू शकतो, हे खरं. पण साइटची अट होती, प्रत्येक धुनेसोबत एक चौकोनी चित्र हवं. चित्र नसेल तर धून घेत नव्हते. मला ही कारकुनी अट वाटली. तुला वाटली नाही. लोक बोटाने वर सरकवत जातात, तू म्हणालास, धून दिसत नाही, चित्र दिसतं. बोट थांबलं तर कान थांबेल. आमच्याकडे पहिल्या पानावरच्या फोटोबद्दल हेच बोलायचे, त्यामुळे मी वाद घातला नाही. बोट थांबवणारं चित्र तुला परवडणार कुठून, एवढाच प्रश्न होता. आपली पुढची दोन-तीन वर्षं त्या प्रश्नात गेली.

सुरुवातीला फुकटचे फोटो घेतलेस. ज्या साइटवर छायाचित्रकार स्वतःहून फोटो वाटतात, तिथला एक सूर्यास्त तुझ्या पहिल्या धुनेवर गेला. पाण्याच्या कडेला उभा असलेला माणूस, पाठमोरा. धुनेचं नाव ‘माहीमची खाडी’ होतं आणि फोटोतलं पाणी कुठल्या देशातलं होतं कोण जाणे. काही दिवसांनी सुजाताला तोच माणूस एका भजनावर दिसला. मग व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरावर. तू म्हणालास, हा बिचारा सगळीकडे पाठ करूनच उभा आहे.

मग मोबाइलला सांगून चित्र काढून घ्यायची सोय आली. तू आनंदाने बसलास. बेंजो लिहिलं की ते परदेशी गोल वाद्य काढायचं, ढोलकीला दांडा लावल्यासारखं. तू समजावून लिहिलंस, टाइपरायटरसारख्या कळा. त्याने मिरवणूक काढली आणि हातगाडीवर टाइपरायटर ठेवला. मला ते चित्र आवडलं होतं. तू पुसून टाकलंस. ज्याने बेंजो कधी पाहिला नाही त्याच्याकडून बेंजोचं चित्र घ्यायचं नाही, म्हणालास.

म्हणून आपण परबकडे गेलो. लालबागला चिवडा गल्लीच्या मागे त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, दहावी पास, नेत्यांचं स्वागत, श्रद्धांजली; आपल्या भागातला निम्मा माणूस त्याच्या कॉम्प्युटरमधून गेला आहे. तुझ्या पथकाचे बॅनर तोच करायचा, त्यामुळे त्याने तुला नेहमीचाच भाव लावला. फोटो काढला, स्क्रीनवर लावला आणि विचारलं, खाली शुभेच्छुक कोण कोण टाकायचे? तू माझ्याकडे बोट दाखवलंस. ‘हा एकच आहे. टाकू नको, चेहरा बरा नाही.’ मग त्याने सवयीने दुकानाचा मोबाइल नंबर टाकला आणि साइटने ते चित्र परत पाठवलं. नंबर काढला.

ब्लॅक अँड व्हाइट कर असं तूच सांगितलंस. जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांवर तसे फोटो असायचे, ते तुला आवडायचे. परब म्हणाला, रंगीत ठेवू या, ब्लॅक अँड व्हाइट मी फक्त गेलेल्यांना करतो. तू हसलास. त्याने केलं. आणि एकदा रंग काढल्यावर त्याचा हात नेहमीच्या वाटेने गेला: कडा धूसर केल्या, डोक्यामागे उजेड टाकला, खाली दोन कमळं ठेवली. आपण तिघंही बराच वेळ त्याच चित्राकडे पाहत होतो. कोणालाच काही वेगळं दिसलं नाही. छान झालंय, तू म्हणालास.

धून टाकलीस त्या दुपारी पथकातल्या कोणीतरी ते चित्र ग्रुपवर पाठवलं. मोबाइलच्या पडद्यावर ते टपाल तिकिटाएवढं दिसत होतं. त्याखाली पहिल्या माणसाने हात जोडले. दुसऱ्याने लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्यानंतर कोणी चित्र उघडून पाहिलंच नाही, वरचं वाचून खाली लिहीत गेले. तुमच्या लोकांनी आदरांजली लिहिलं, आमच्या कोकणातल्यांनी ईश्वर आत्म्यास शांती देवो. तिथून ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं, तिसऱ्या. आणि लोकांनी धून ऐकली. तुझ्या आधीच्या सगळ्या धुना मिळून जेवढ्या माणसांनी ऐकल्या होत्या, त्याहून जास्त माणसं दोन दिवसांत त्या एका धुनेपाशी आली. शेवटपर्यंत ऐकली. साइट ते दाखवते.

हिंदमाताच्या पुलाखाली चहाच्या गाडीपाशी तू मला मोबाइल दाखवलास. कोल्हापूरच्या कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, हा कलाकार जिवंतपणी कळला नाही ही आपली चूक आहे.

‘आता कळला ना,’ तू म्हणालास.

‘तू जिवंत आहेस, मिलिंद.’

‘ते त्याला कशाला सांगायचं?’

मी म्हणालो, खुलासा टाक. खोटी बातमी चालू ठेवता येत नाही. तू म्हणालास, बातमी मी दिलेलीच नाही, लोकांनी दिली. तुमचा पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो आणि खुलासा आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरात येतो. मला चार दिवस दे. मी म्हणालो, प्रश्न दिवसांचा नाही. ‘ऐकतायत रे,’ तू म्हणालास. ‘पहिल्यांदा ऐकतायत.’ चहावाला आपल्याकडे पाहायला लागला म्हणून आपण आवाज खाली घेतला.

तुझे चार दिवस पुरे झाले नाहीत. सुजाता ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते तिथल्या बायकांनी वर्गणी काढली आणि सुजाताची रजा असताना पाकीट घेऊन नायगावला आल्या. तू आत जेवत होतास. दारात कोण आहे पाहायला वरणभाताच्या हाताने बाहेर आलास. त्यांतली एक मटकन खाली बसली. तू म्हणालास, या ना, जेवता का? हे तू मला नंतर हसत सांगितलंस. सुजाता हसत नव्हती. ती म्हणाली, उद्या मी कामावर कुठल्या तोंडाने जाऊ, ते आधी सांगा. त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. लिही तुझा खुलासा, म्हणालास.

मी लिहिला. मिलिंद सुखरूप आहेत, चित्रामुळे गैरसमज झाला, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. सरळ मजकूर होता, आजही त्यातला शब्द बदलणार नाही. लोकांनी तो दोन प्रकारे वाचला. काहींना बरं वाटलं आणि ते निघून गेले. बाकीच्यांना वाटलं, आपल्याला फसवलं. कोल्हापूरच्या माणसाने लिहिलं, मी तुमच्यासाठी घरी दिवा लावला होता, लाज वाटायला हवी. तू त्या माणसाला उत्तर लिहायला घेतलंस, पुसलंस. परबने कानाला हात लावले. ‘माका काय ठाऊक लोक असा समजतले,’ म्हणाला, आणि त्या चित्राचे पैसे कधीच घेतले नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यात कोणी तुझी ती धून ऐकली नाही. साइट तेही दाखवते.

‘तुझ्या खुलाशाने मला जिवंत केलं आणि धून मारली.’

हे तू मला पुढे अनेकदा ऐकवलंस. कधी चेष्टेत, कधी तसं नव्हे. मी म्हणायचो, खुलासा खरा होता. तू म्हणायचास, खरा होता म्हणूनच मेली. मग मी म्हणायचो, खोट्यावर आलेले ऐकणारे तुझे नव्हते. तू विचारायचास, मग माझे कुठे आहेत, पत्ता दे. इथपर्यंत येऊन आपण दरवेळी थांबायचो. मला उत्तर सापडलं असतं तर मी दिलं असतं. अजून सापडलेलं नाही. तू नाहीस म्हणून मी माझी बाजू सोडत नाही. तू असतास तर तुला ते आवडलंही नसतं. परत वेळ आली तर मी तेच लिहीन. एवढंच, की त्यानंतर तू तीन धुना केल्यास आणि एकही टाकली नाहीस.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. माटुंग्याच्या आमच्या इमारतीची लिफ्ट महिनोन्‌महिने बंद होती, तेव्हा बाबा खोलीतून बाहेर पडू शकत नव्हते. तू रविवारी येऊन मशीनरूममध्ये काहीतरी खटपट करायचास आणि मग बाबांपाशी बसायचास. एकदा बेंजो घेऊन आलास आणि स्पीकर न जोडता वाजवलास. बाबा गिरणीतले, आयुष्यभर गणपतीत पुढे नाचलेले. त्यांनी विचारलं, हे काय रे, मयताला वाजवतोस की काय? तू वाजवत राहिलास. त्या वेळी दुखण्याने त्यांची झोप गेलेली होती. ते झोपले, तुझा बेंजो पेटीत जाईपर्यंत आणि त्यानंतरही. त्या दिवशी मला तुझी धून कळली. संपादकाला वेळ लागला, पण कळली. तू चप्पल घालत असताना मी फक्त लिफ्टबद्दल विचारलं.

शेवटची धून ‘हातगाडी’. विसर्जनाची मिरवणूक गिरगाव चौपाटीला संपते. मूर्ती पाण्यात जाते, माणसं पांगतात, आणि बेंजोवाले स्पीकर बंद करून, वायरी गुंडाळून, गाडी ढकलत नायगावला परत निघतात. त्या चालण्यात कोणी वाजवत नाही, कोणी बोलत नाही. चाकाचा आवाज असतो. इतकी वर्षं तो आवाज तुझ्या कानात होता आणि तो तू बेंजोवर आणलास, खालच्या दोन सुरांवर, मधे एक कळ अडकल्यासारखी. ही मी टाकणार, तू म्हणालास. पण चित्रात माझं तोंड नको.

तेव्हा गिरगावची केतकी सापडली. कलाशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, पुस्तकांना चित्रं काढणारी मुलगी. तिने तिचा दर सांगितला. रास्त होता, तुला जड होता. मी म्हणालो, थोडं कमी करायला सांगून बघ. तू म्हणालास, मंडळवाले दरवर्षी माझ्याशी हेच करतात, पथकाचा भाव पाडतात, वर म्हणतात बाप्पाची सेवा आहे; मी तिच्याशी तसं करणार नाही. हप्त्याने देऊ का, एवढं विचारलंस. ती हो म्हणाली. चित्र काढायच्या आधी ती नायगावला आली, गोधड्यांमागे बसून धून ऐकली आणि मग तुला विचारलं, परत येताना गाडीच्या पुढे कोण असतं? तू म्हणालास, कोणी नसतं, सगळे मागून ढकलतात. तिने मान हलवली. ती गेल्यावर तू मला फोनवर म्हणालास, ही पहिलीच जिने आधी ऐकलं.

चित्र पुरं व्हायच्या आत तू गेलास.

तिने ते सुजाताला पाठवलं आणि उरलेले हप्ते घेणार नाही म्हणाली. सुजाताने सगळे दिले. त्यांनीही असंच केलं असतं, म्हणाली. केतकीने यावर वाद घातला नाही, हे मला बरं वाटलं.

सुजाता आणि मी ते चित्र घेऊन परबच्या दुकानात गेलो, साइटला हव्या त्या मापात बसवून घ्यायला. त्याने ते मोठ्या पडद्यावर उघडलं. पहाटेचा मोकळा रस्ता, समोरून येणारी हातगाडी, तिच्यावर उलटे ठेवलेले स्पीकर आणि फडक्यात गुंडाळलेला बेंजो. गाडी चाललेली कळते. ढकलणारे तिच्याआड आहेत, दिसत नाहीत. एका बाजूला, स्पीकरच्या कडेवर, कोणाची तरी चार बोटं आहेत.

‘बरा आसा,’ परब म्हणाला. ‘पण माणूस खंय?’

सुजाता म्हणाली, तो मागे आहे.

परबने अजून एक गोष्ट विचारली, आणि त्याला विचारणं भाग होतं. जुना फोटो त्याच्याकडे होता. धूसर कडा, मागे उजेड, कमळं. आता तो लावला तर कोणाची हरकत असायचं कारण नाही, आणि लोक ऐकतीलही, असं तो मालवणीत, हळू आवाजात, माझ्याकडे न पाहता म्हणाला. ते खरं होतं. आता तो फोटो खोटा नव्हता. माझ्या सगळ्या आयुष्याच्या नियमांत त्याच्याविरुद्ध एकही नियम नव्हता. आपल्या वादात तर तो फोटो आधीपासून तुझ्याच बाजूचा होता. मी सुजाताकडे पाहिलं. ती म्हणाली, त्यांनी तोंड नको म्हटलं होतं. परबने फाइल बंद केली.

धून टाकली. नाव ‘हातगाडी’, वादक मिलिंद, चित्र केतकी. तू गेलास हे कुठे लिहिलं नाही. सुजाताला नको होतं. ग्रुपवर मी दुवा पाठवला. दोघांनी हात जोडले. बाकीच्यांनी काही केलं नाही, त्यांना काय करावं कळलं नसेल. तू म्हणायचास तसं चित्र होतं ते. मी स्वतः अनोळखी माणूस होऊन ते पडद्यावर वरखाली सरकवून पाहिलं. माझं बोट थांबलं. इतरांचं थांबत नाही.

साइट ऐकणाऱ्यांचा आकडा दाखवते. आकडा लहान आहे आणि त्यातला प्रत्येक जण मला नावाने माहीत आहे. सुजाता कामावर जाताना चालत चालत एकदा ऐकते. परब दुकान उघडल्यावर लावतो. गिऱ्हाईक आलं की बंद करतो. केतकीने ऐकली. हात जोडणाऱ्या दोघांनी ऐकली, त्यांतल्या एकाने अर्धीच. आणि मी. महिनाभर आकडा तिथेच होता. मी रोज पाहतो. डेस्कवरची सवय आहे, छापलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायची.

काल आकडा एकाने वाढला. मी पुन्हा उघडून पाहिलं, वाढलेला होता. नवा माणूस. पूर्ण ऐकली होती, शेवटच्या सुरापर्यंत. कुठून ऐकली तेही साइट दाखवते: चिपळूण. मी कोल्हापूरच्या त्या माणसाचा विचार केला, पथकातल्या कोणाचा केला, अगदीच अनोळखी कोणाचा केला. तुला पत्ता हवा होता, तो मिळाला असं मला जवळजवळ वाटलं. मग मी सुजाताला फोन लावला.

ती म्हणाली, सासूबाई परवा गावी, चिपळूणला गेल्या, तिथे पुतण्याने त्यांना मोबाइल लावून दिला होता. त्यांनी विचारलं, यात मिलिंद बोलतो कधी?